बांध नसलेले शिवार

शेजाऱ्याच्या रानात नांगराचे एकच तास जास्त घातले, तर किती जमीन पदरात पडते? तास दहा इंच रुंद आणि पट्टा २२० यार्ड लांब धरला, तर सुमारे पन्नास चौरस मीटर, म्हणजे जवळजवळ अर्धा गुंठा. डोळ्यांना काही दिसत नाही. शेजाऱ्याला संशय येतो, पण दाखवायला खूण नसते. दोन वर्षे असेच चालले की गुंठा गेला. आपल्याकडे याला बांध कोरणे म्हणतात, आणि भावाभावांत कोर्टकचेऱ्या लावण्याची या शब्दाची ताकद महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी ठाऊक आहे.

आता अशा गावाची कल्पना करा, जिथे कोरायला बांधच नाही. शेकडो एकरांची सलग राने आहेत, त्यांत अनेक शेतकऱ्यांचे पट्टे एकमेकांना खेटून पसरलेले आहेत, मधे कुंपण नाही, झुडूप नाही, दगड नाही. दोन पट्ट्यांमधली हद्द म्हणजे नांगराने सोडलेली एक सरी. तरीही हे गाव शतकानुशतके नांदते आहे. ते इंग्लंडमध्ये आहे, नॉटिंगहॅमशायर काउंटीत, शेरवुडच्या जंगलाच्या पूर्वेला, ऑलर्टन आणि टक्सफर्ड या छोट्या गावांपासून जवळ. नाव लॅक्स्टन.

इंग्लंडचे खेडे म्हटले की डोळ्यांसमोर येते ते हिरव्या कुंपणांनी चौकोन पाडलेले माळरान आणि प्रत्येक शेताच्या मध्यावर एकटे उभे असलेले शेतकऱ्याचे घर. हे दृश्य वाटते तितके जुने नाही. मध्ययुगात इंग्लंडच्या मधल्या पट्ट्यातली बहुतेक गावे लॅक्स्टनसारखीच होती: घरे एकत्र, शेते एकत्र, गुरे एकत्र. मग कुंपणबंदी आली. १६०४ ते १९१४ या काळात ब्रिटिश संसदेने त्यासाठी ५,२०० हून अधिक कायदे केले. ६८ लाख एकर जमीन, म्हणजे इंग्लंडच्या क्षेत्रफळाचा पाचवा हिस्सा, त्यांखाली आली. विखुरलेले पट्टे गोळा करून ज्याला त्याला एका जागी सलग जमीन दिली गेली, गायराने वाटली गेली, आणि शेतकरी गाव सोडून आपापल्या जमिनीत राहायला गेला. आपल्या भाषेत सांगायचे तर गावठाण ओस पडले आणि वस्त्या झाल्या. ज्यांच्याकडे फक्त गायरानात गाय चारण्याचा हक्क होता, त्यांच्या हाती फारसे काही उरले नाही.

लॅक्स्टनमध्ये हे काम अर्धवट राहिले. अठराव्या शतकात काही जमिनींना कुंपणे पडली, पण उघडी राने पुरती संपली नाहीत. मॅनव्हर्स आणि स्कार्बरो या दोन उमरावांची गावात मोठी जमीन होती आणि दोघांचे एकमत होईना, हे त्याचे मुख्य कारण सांगितले जाते. त्यामुळे आजही लॅक्स्टनच्या रस्त्यावर उभे राहिले की शेतघरे दिसतात ती गावातच. लाल विटांची, कौलारू, पुष्कळांची त्रिकोणी माथ्याची भिंत रस्त्याकडे. मागे अंगण, गोठे, कोठारे, आणि त्यांच्या मागे लांबट अरुंद परसू. सकाळी ट्रॅक्टर निघतो तो गावाच्या मुख्य रस्त्यावरून आणि संध्याकाळी तिथेच परततो. गावठाण एकीकडे आणि शिवार एकीकडे ही रचना मराठी वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. इंग्रज वाचकाला मात्र लागते.

राने तीन आहेत: वेस्ट फील्ड, मिल फील्ड आणि साउथ फील्ड. मिळून सुमारे ४८० एकर. एका रानात हिवाळी गहू, दुसऱ्यात वसंतात पेरलेले पीक, तिसरे पड. पुढच्या वर्षी गव्हाच्या रानात वसंताचे पीक, वसंताच्या रानात पड, आणि पड राहिलेल्या रानात गहू. तीन वर्षांत चक्र पुरे होते. इथला हिवाळी गहू आपल्या रब्बी गव्हासारखा चार महिन्यांत हाती येत नाही. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरमध्ये पेरतात, थंडीत तो बोटभर उंचीवर निजून राहतो आणि ऑगस्टमध्ये कापणीला येतो. वसंताचे पीक म्हणजे बहुधा सातू, नाहीतर ओट किंवा घेवड्याच्या जातीचे कडधान्य. मार्च-एप्रिलमध्ये जमीन वापशावर आली की ते पेरतात.

पड ठेवण्यामागे दोन हिशेब होते. एक तणाचा. उन्हाळ्यात रिकामे रान दोन-तीनदा नांगरले की मुळासकट वर आलेले तण उन्हात वाळते. दुसरा खताचा. पड रानात मेंढ्या बसवत आणि त्यांच्या लेंड्यामुताने गव्हाची तयारी होई. आपल्याकडे धनगरांचा कळप शेतात बसवतात त्यामागे हाच विचार असतो. आता तिसऱ्या वर्षी रान उघडे न ठेवता गवत किंवा चाऱ्याचे पीक घेण्याची मुभा आहे. कापणीनंतर सगळ्या गावाची जनावरे धसकटांवर सोडण्याची रीत जवळजवळ थांबली आहे. चक्र मात्र तेच राहिले.

या व्यवस्थेत एक गोष्ट ओघानेच येते. शेतकऱ्याची सगळी जमीन एकाच रानात असून चालत नाही. तशी असेल तर दर तीन वर्षांनी एकदा त्याच्या घरात दाणा येणार नाही. म्हणून प्रत्येकाचे पट्टे तिन्ही रानांत हवेत, आणि एकेका रानातही विखुरलेले हवेत. लॅक्स्टनची माती चिकण, जड, तांबूस. चढावर ती लवकर वापशाला येते, सखल भागात आठवडाभर चिखल राहतो. एकाच्या वाट्याला सगळा चढ आणि दुसऱ्याच्या वाट्याला सगळी दलदल जाऊ नये, हा विखुरण्यामागचा न्याय. त्याची किंमत शेतकऱ्याने पायपिटीत मोजली: या पट्ट्यावरून त्या पट्ट्यावर जाता जाता दिवस सरे. मुंबई प्रांतात १९४७ साली आलेला तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाचा कायदा हीच पायपीट वाचवायला आला होता, आणि एकत्रीकरणात आपल्या काळ्या रानाच्या बदल्यात मुरमाड तुकडा मिळाला ही तक्रार अजून कित्येक गावांत ऐकू येते. विखुरलेपणाला अडाणीपणा म्हणण्याआधी त्यातला हा हिशेब पाहिला पाहिजे, असे मला वाटते.

पट्ट्याचा आकार ठरवला नांगराने. जुना नांगर माती एकाच अंगाला, उजवीकडे, पलटवी. नांगऱ्या पट्ट्याच्या मध्यावर पहिले तास घाली, टोकाला जाऊन उजवीकडे वळे, आणि परतीचे तास पहिल्याला लागून येई. असा मध्याभोवती फिरत तो कडेपर्यंत पोहोचला की दोन्ही बाजूंची माती मध्याकडे सरकलेली असे. हेच वर्षानुवर्षे केल्याने प्रत्येक पट्टा मधे फुगीर झाला आणि दोन पट्ट्यांमधे सरी पडली. चिकण मातीत ही सरी म्हणजे पाण्याचा निचरा. हद्द आणि चर एकाच तासात साधले. पट्ट्याची लांबी बैलांच्या दमावर बेतलेली होती. एका दमात जितके ओढवेल तितके तास, म्हणजे २२० यार्ड. फर्लांग या शब्दाचा मूळ अर्थच तासाची लांबी असा आहे. लांबलचक जोतांचे बैल टोकाशी एकदम वळत नाहीत, त्यांना आधीपासून तिरके घ्यावे लागते. म्हणून जुने पट्टे सरळ नसून उलट्या एस अक्षरासारखे हलकेच वाकलेले आहेत. आजच्या नांगराला दोन्ही अंगांनी माती पलटता येते, त्यामुळे कसलेल्या रानांतले फुगवटे बरेचसे सपाट झाले. पण ज्या जमिनी मधेच गवताखाली गेल्या, तिथे उतरत्या उन्हात ते वरंबे आणि सऱ्या अजून उमटून दिसतात.

इथे आपला त्यांच्याशी एक खरा धागा जुळतो. २२० यार्ड लांब आणि २२ यार्ड रुंद जमीन म्हणजे ४,८४० चौरस यार्ड, म्हणजे एक एकर. २२ यार्ड ही मोजणीच्या साखळीची लांबी. एडमंड गंटर या इंग्रज गणितीने ती १६२० च्या सुमारास रूढ केली. गंटरची साखळी ६६ फुटांची. दख्खनेत गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी इंदापुरापासून जी जमीनमोजणी सुरू केली, तिच्यात निम्मी, ३३ फुटांची साखळी वापरात आली. ३३ फूट गुणिले ३३ फूट म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. बिघे आणि चाहूर ही जुनी मापे मागे पडली. सातबाऱ्यावर आज आर आणि हेक्टर लिहिलेले असले, तरी जमिनीचा भाव सांगताना आपण एकर-गुंठ्यातच बोलतो. दिवसभरात बैलांनी नांगरायचा इंग्लंडमधल्या चिकण मातीचा तो तुकडा आपल्या तोंडी असा बसला आहे.

लॅक्स्टनचा नकाशा १६३५ सालचा आहे. विल्यम कोर्टन नावाच्या लंडनच्या व्यापाऱ्याने गावाची मालकी घेतली होती, आणि आपण काय विकत घेतले ते त्याला नेमके हवे होते. मार्क पिअर्स या मोजणीदाराने एकेक पट्टा मोजून काढला. कोणाचा, कुठे, किती. नकाशावर दोन हजारांवर पट्टे आहेत, प्रत्येक वेगळा. त्यांच्या मधून नांगर चालवणारी, कापणी करणारी, शिकारीला निघालेली चिमुकली माणसेही काढली आहेत. चर्मपत्रावरचा हा नकाशा ऑक्सफर्डच्या बोडलियन ग्रंथालयात जपलेला आहे. त्या काळात भारंभार पट्टे असणे ही अडचण नव्हती, कारण काम हाताने आणि बैलाने होते. विसाव्या शतकाच्या आरंभी यंत्रे आली तेव्हा मॅनव्हर्स इस्टेटीने शेजारशेजारचे पट्टे जोडून मोठे केले. आज पट्टे दोनशेहूनही कमी आहेत आणि एकेक पट्टा पूर्वीच्या कित्येक पट्ट्यांएवढा आहे. गाव टिकवायचे तर ही तडजोड करणे भागच होते. अर्ध्या एकराच्या पट्टीत आजचे कापणी यंत्र वळतच नाही.

पट्ट्यांमधे पूर्वी गवताचे बांध असत, अशी समजूत इंग्लंडमध्येही बराच काळ होती. चार्ल्स आणि क्रिस्टबेल ऑर्विन या दांपत्याने १९३८ साली लॅक्स्टनच्याच पुराव्यावरून ती खोडून काढली. गवताचे भाग होते, पण ते रानात शिरायच्या वाटा होत्या, नांगर वळवायचे धुरे होते आणि ओघळींच्या कडा होत्या. दोन पट्ट्यांमधे फक्त सरी होती. ही गोष्ट बारीक वाटेल, पण सगळ्या गावाचा कारभार तिच्यावर उभा आहे. बांध असता तर राखण बांधाने केली असती. बांध नाही म्हणून राखण माणसांना करावी लागते.

ती करण्याचा दिवस नोव्हेंबरच्या शेवटी येतो. त्याला ज्युरीचा दिवस म्हणतात. ज्युरी म्हणजे गावातले शेतकरीच, बारा जण, वर्षभरापूर्वी शपथ घेतलेले, आणि त्यांच्यातला एक मुख्य, ज्याला फोरमन म्हणतात. हे सगळे एकत्र निघतात आणि त्या वर्षी गहू पेरलेले रान पाहतात. गव्हाचेच का? कारण ते नुकतेच नांगरून पेरलेले असते. नांगर कुठे वळला, कुठे वाटेत घुसला, कुठे गवतात शिरला, ते मातीवर ताजे असते. गव्हाची कोवळी हिरवी ओळ जिथे संपायला हवी त्यापुढे गेली असेल तर लांबूनच दिसते. रान फिरते असल्यामुळे प्रत्येक रानाची तपासणी आपोआप तीन वर्षांतून एकदा होते, आणि ती योग्य वेळी होते. वेगळे वेळापत्रक लागत नाही, पिकांचे चक्र हेच वेळापत्रक.

नोव्हेंबरअखेर नॉटिंगहॅमशायरमध्ये दुपारी चारच्या आतच सूर्य मावळतो. म्हणून काम सकाळीच सुरू होते. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून रानापर्यंत, मग गमबुटांनी पायी. बरोबर लाकडी खुंट्या आणि घण. वाटेच्या कडेला पट्ट्याचे टोक जिथे संपते तिथली जुनी खुंटी सापडली तर ठीक. सापडली नाही, कुजली, किंवा नांगराखाली गेली, तर जुन्या जाणत्यांची आठवण, शेजारच्या खुंट्यांची सरळ रेष आणि वाटेची ठरलेली रुंदी या तिन्हींवरून जागा नक्की करून नवी ठोकतात. एकाने रेषेत पाहायचे, दुसऱ्याने खुंटी धरायची, तिसऱ्याने घण घालायचा. ज्याचा पट्टा आहे तोही पुष्कळदा तिथेच उभा असतो.

काय चुकते? बहुतेक वेळा तीनच गोष्टी. पहिली, वाटेत नांगर जाणे. रानातल्या गवती वाटा सगळ्यांच्या असतात. कडेच्या शेतकऱ्याने दर वर्षी चार बोटे पुढे नांगरले तर काही वर्षांत यंत्र जाईल एवढी रुंदी राहत नाही, आणि मग आतल्या पट्ट्यांचे मालक अडकतात. दुसरी, चर न काढणे. चिकण मातीत एकाचा चर तुंबला की वरच्या तिघांच्या गव्हात पाणी उभे राहते, आणि थंडीत पाण्यात उभा राहिलेला गहू पिवळा पडून विरळ होतो. तिसरी, शेजाऱ्याच्या सरीच्या पलीकडे जाणे. यातले जाणूनबुजून फार थोडे. अवजार रुंद असते, टोकाला वळताना अंदाज चुकतो, जुनी खुंटी दिसत नाही, संध्याकाळी उजेड कमी पडतो. पण ज्युरी हेतू पाहत नाही, जमीन पाहते. मला या पद्धतीतले सर्वात शहाणपणाचे अंग हेच वाटते. 'तू मुद्दाम केलेस का' हा प्रश्न निघाला की भांडण सुरू होते. 'खुंटी इथे हवी' एवढेच म्हटले की काम पुरे होते.

दुपारी सगळे गावातल्या डव्हकोट इन या पबमध्ये जेवायला बसतात. त्या दिवशी दिसलेल्या चुकांची यादी तिथेच होते आणि कोणाला किती दंड हे ठरते. दंडाच्या यादीत ज्युरीतल्यांचीच नावे असू शकतात आणि असतातही, कारण पाहणारे आणि कसणारे वेगळे नाहीतच. पाटलाने, तलाठ्याने किंवा बाहेरच्या कोणी येऊन केलेली मोजणी आणि ही पाहणी यांतला फरक एवढाच, पण तो मोठा आहे. आज मी तुझ्या पट्ट्याची खुंटी ठोकतो आहे, आणि पुढच्या किंवा त्याच्या पुढच्या वर्षी तू माझ्या. या जाणिवेने घणाचा घाव फार जोराचाही पडत नाही आणि फार हलकाही.

त्यानंतर साधारण आठवड्याने कोर्ट भरते. त्याचे नाव कोर्ट लीट, आणि तेही त्याच पबमध्ये. मध्ययुगात इंग्लंडभर प्रत्येक मॅनरचे, म्हणजे जहागिरीचे, असे कोर्ट असे आणि किरकोळ गुन्ह्यांपासून वजनमापांपर्यंत सगळ्याचा तिथे निवाडा होई. पुढे ती बंद पडली किंवा नुसती समारंभापुरती उरली. १९७७ च्या कायद्याने त्यांचे न्यायदानाचे अधिकार संपवले, पण लॅक्स्टनच्या कोर्टाला आपल्या रानांचा कारभार पाहण्याचा अधिकार राहू दिला. म्हणून हे नाटक नाही. इथे सांगितलेला दंड भरावा लागतो.

खुर्चीवर स्ट्यूअर्ड बसतो. तो मॅनरच्या मालकाने नेमलेला कायदा जाणणारा माणूस, बहुधा वकील. बेलिफ ललकारी देऊन कोर्ट सुरू करतो. ज्यांनी हजर राहायला हवे त्यांची यादी वाचली जाते. न आलेल्याला काही पेन्सचा दंड, नाममात्र, पण तो लावायचाच. मग फोरमनची यादी वाचली जाते: अमक्याने वाटेत नांगरले, तमक्याने चर काढला नाही, इतके पाउंड. रकमा लहान असतात. त्या भरायला कोणी कर्ज काढत नाही. लाज वाटते ती शेजाऱ्यांसमोर नाव वाचले जाण्याची, आणि ती पुरेशी असते. शेवटी पुढच्या वर्षासाठी नवी ज्युरी शपथ घेते.

आपल्याकडे गोतसभेत बसून जमिनीचा निवाडा होई आणि त्याचा महजर लिहून पांढरीचे लोक साक्षी म्हणून खाली निशाण्या करत. इंग्लंडमधल्या अनेक पॅरिशांत, म्हणजे एकेका चर्चच्या हद्दीतल्या गावांत, वसंत ऋतूत गावाची सीमा सगळ्यांनी मिळून चालण्याची आणि सीमेच्या खुणांवर छड्या मारण्याची रीत होती. लहान मुलांना मुद्दाम बरोबर नेत, म्हणजे म्हातारपणी त्यांना सीमा आठवावी. कागद दोन्हीकडे होता. पण कागदाला साक्षी लागतो आणि साक्षीचे पाय त्या जमिनीवर पडलेले असावे लागतात, हेही दोन्हीकडच्यांना माहीत होते.

कोर्टाच्या अधिकाऱ्यांत आणखी एक पद आहे: पिंडर. गावात कोंडवाडा अजून उभा आहे, त्याची राखण पिंडरकडे. ज्या शिवारात कुंपणच नाही तिथे एक मोकाट गाय किती गहू खाईल याचा अंदाज केला की हे पद किती गरजेचे होते ते कळते. जनावर आत घालायचे, आणि मालकाने पैसे भरून सोडवून न्यायचे. आता आत घालायला जनावर फारसे मिळत नाही, पण पद रद्द केलेले नाही.

गवताचे भाग म्हणजे साइक्स. हे ओघळींच्या कडेचे, नांगर न पोहोचणारे सखल तुकडे. ते कोणा एकाचे नाहीत. तिथले गवत दर वर्षी लिलावाने विकले जाते. आपल्या गायरानातल्या गवताचा किंवा गावच्या चिंचेचा लिलाव होतो तसाच. शतकानुशतके नांगर न लागल्यामुळे आणि खते न पडल्यामुळे या तुकड्यांत रानफुले आणि जुन्या जातींचे गवत टिकून आहे, म्हणून आज त्यांना वैज्ञानिक महत्त्वाच्या जागा म्हणून कायद्याचे संरक्षण आहे. एक अट त्यांना सांभाळते: फुलांनी बी टाकून झाल्यावरच गवत कापायचे आणि कापलेले तिथेच कुजू द्यायचे नाही. पडून कुजले तर जमिनीचा कस वाढतो, दांडगे गवत माजते आणि नाजूक फुले दबतात. समृद्धी वाढल्याने नुकसान होते अशी जमीन शेतकऱ्याला पटायला वेळ लागतो, पण लिलावात घेतलेले गवत घरी न्यावेच लागत असल्याने नियम आपोआप पाळला जातो.

चर्च सेंट मायकेलचे. शेरवुडच्या राजअरण्याचे वंशपरंपरा राखणदार याच गावचे होते, त्यामुळे आत दगडी सरदारांच्या समाध्या आहेत, आणि त्यांच्यात ओक लाकडात कोरलेली एका स्त्रीची मध्ययुगीन प्रतिमा आहे. गावाच्या उत्तरेला त्या राखणदारांची मातीची गढी आहे. आता तिच्यावर फक्त गवत आणि मेंढ्या, पण उंचवटा आणि खंदक ठसठशीत. याखेरीज इंग्लंडच्या कुठल्याही खेड्यात असते ते इथेही आहे. १८९४ च्या कायद्याने आलेली पॅरिश कौन्सिलची पद्धत दिवे, पायवाटा, बाकडी असले बघते. शिवाराचे मात्र कोर्टाकडे. दोन्हीकडे बरीचशी माणसे तीच असणार, कारण गावच लहान.

मालकीची गोष्ट वेगळी सांगायला हवी, कारण लॅक्स्टनचे शेतकरी बहुतांशी कुळे आहेत. मॅनव्हर्स उमरावांनी १९५२ साली गाव सरकारच्या कृषी मंत्रालयाला विकले, ते उघडी राने जपली जातील या भरवशावर. १९८१ साली मंत्रालयाने ते राजसत्तेच्या जमिनी सांभाळणाऱ्या क्राउन इस्टेटकडे दिले. २०१८ साली क्राउन इस्टेटने विकायला काढल्याची बातमी आली आणि गाव काळजीत पडले: घेणारा ही राने ठेवील का, की भाव येताच कुंपणे घालील? २०२० साली ते थोर्सबी इस्टेटने घेतले, म्हणजे मॅनव्हर्सांच्याच वारसांच्या इस्टेटीने. जवळजवळ सत्तर वर्षांनी गाव जुन्या घराण्याकडे परतले.

काळजी संपलेली नाही. २०२१ पासून इंग्लंडमध्ये क्षेत्रफळावर मिळणारे शेतीचे अनुदान टप्प्याटप्प्याने कमी होत गेले आणि २०२३ नंतर ते बंद झाले. लहान शेतीचे गणित त्याने अवघड झाले आहे. लॅक्स्टनच्या शेतकऱ्याला आपल्या मर्जीने पीक बदलता येत नाही. बाजारात गव्हाला भाव असला तरी त्याचा एक तृतीयांश पट्टा त्या वर्षी गवतातच असणार. फवारणी करताना वारा पाहावा लागतो, कारण शेजारचे पीक चार पावलांवर आहे. मुलगा शेतीत राहील की नाही हा प्रश्न तर कुठल्याच देशात नवा नाही. पण रान कसणारे जेव्हा दहा-पंधरा घरांवर येतात, तेव्हा एका घराने सोडले की ज्युरीला एक माणूस कमी पडतो, आणि कोर्टाचा गाडा बारा जणांवर चालतो. कायद्याने कोर्टाला जगण्याची मुभा दिली आहे. माणसे देणे त्याच्या हातात नाही.

या घडीला तरी माणसे आहेत. कोर्ट उठते तेव्हा डिसेंबर लागलेला असतो. तपासलेल्या रानात गहू बोटभर आहे, नव्या खुंट्यांचे लाकूड अजून पांढरे आहे. पुढच्या वसंतानंतरच्या वसंतात त्याच रानात सातू पेरला जाईल, त्यापुढच्या वर्षी गवत, आणि मग पुन्हा शरदात गहू. तोवर त्या खुंट्या काळवंडलेल्या असतील, काही नांगराखाली गेलेल्या असतील. शपथ घेतलेली नवी ज्युरी येत्या नोव्हेंबरात दुसऱ्या रानात उतरेल, घण आणि खुंट्यांची ट्रॉली घेऊन.